पोस्टरला पहिला नंबर, पण घरात नळ उघडाच

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत राहणारी आई लिहिते: मुलगा आठ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. नवरा-बायको दोघंही नोकरीला, दिवसभर सासूबाई घरी. मुलाच्या ‘पाणी वाचवा’ पोस्टरला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं, पण तोच मुलगा दात घासताना नळ सोडून आरशात तोंडं करत उभा राहतो. समजावून झालं, रागावून झालं. मध्यंतरी कासवाच्या नाकात अडकलेली प्लास्टिकची नळी काढतानाचा व्हिडिओ दाखवला, तर तो रात्री झोपेत रडला आणि सकाळी नळ पुन्हा उघडाच. आता तो आजीला ‘तू पृथ्वीचा नाश करतेस’ असं सुनावतो आणि त्यावरून घरात वाद होतात. या धावपळीत पर्यावरणाची जाण मुलांच्या अंगी बाणवायची तरी कशी?

ताई, तुमच्या मुलात काहीही बिघडलेलं नाही. वीस-बावीस वर्षं मी मुलांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर हेच काम करते आहे. पोस्टरला बक्षीस आणि घरी नळ उघडा अशी मुलं मला दर वर्षी भेटतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2003 सालच्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय शाळांमध्ये सक्तीचा झाला. ते योग्यच झालं, पण विषय म्हटला की वही आली, प्रकल्प आला, गुण आले. तुमच्या मुलानं पोस्टर बाईंच्या हातात दिलं त्या क्षणी त्याच्या लेखी ते काम संपलं. घरातला नळ हा त्याच्यासाठी अभ्यासाचा भाग नाही आणि घरातल्या कामाचाही नाही. पाणी येतं, पाणी जातं.

‘तुमच्या नळाला पाणी कुठून येतं?’ हा प्रश्न मी प्रत्येक नव्या गटाला विचारते. बहुतेक मुलं म्हणतात, गच्चीवरच्या टाकीतून. उत्तर चूक नाही, त्यांना तेवढंच दिसलेलं असतं. कचरा कुठे जातो, तर खालच्या मोठ्या डब्यात. वीज कुठून येते, तर बटणातून. माझं सगळं सांगणं इथून सुरू होतं. घरात येणारी गोष्ट कुठून येते, कुणाच्या हातून जाते आणि शेवटी कुठे जाऊन पडते, हे मुलाला डोळ्यांनी दिसू द्या. आणि त्या वाटेवरचं एखादं खरं काम कायमचं त्याच्याकडे द्या. उपदेश मात्र निम्म्यावर आणा.

पाण्यापासूनच सुरुवात करा, धरण तुमच्या घराजवळच आहे. पावसाळा संपताना एकदा आणि मे महिन्यात एकदा अशा दोन रविवारी मुलांना घेऊन जा. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसं, भजी खाऊन परत फिरू नका, जमलं तर पुढे पानशेतपर्यंत जा. खडकवासल्यात वरच्या धरणांमधून पाणी येत राहतं, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी किती उतरलं ते तिथे नीट कळत नाही. पानशेतला आणि वरसगावला काठाची भेगाळलेली तांबडी माती दिसते, ती मुलं विसरत नाहीत. घरी आल्यावर एका मोठ्या कागदावर त्यालाच वाट काढू द्या. टेमघर, वरसगाव, पानशेत, मग खडकवासला, तिथून जलशुद्धीकरण केंद्र, मग सोसायटीची टाकी, मग आपलं बेसिन.

चित्र इथे थांबवू नका. बेसिनमधून पाणी गटारात, तिथून मुठेत, संगमावर मुळेला मिळून पुढे भीमेत, भीमेतून उजनी धरणात. पुण्याचं सगळं सांडपाणी आजही शुद्ध होऊन नदीत जात नाही, आणि उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं. हे कळल्यावर एका मुलीनं मला विचारलं होतं, ‘म्हणजे सोलापूरची मुलं आपण चूळ भरलेलं पाणी पितात?’ तिला मी म्हटलं, वाटेत बरंच काही घडतं, तिथेही पाणी शुद्ध करतात, पण वाट तीच आहे. त्या दिवसापासून तिच्या घरी बेसिनमध्ये खरकटं तेल ओतलं गेलं नाही. मी तिला तेलाबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता.

पावसाळ्यात वर्तमानपत्रात रोज धरणसाठ्याचा तक्ता येतो. चारही धरणं मिळून साधारण 29 टीएमसी, म्हणजे 29 अब्ज घनफूट, पाणी मावतं. भिंतीवर चौकटीचा कागद लावा आणि जून ते सप्टेंबर रोजचा आकडा त्याला त्यावर भरू द्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे क्रिकेटच्या धावफलकाइतकंच आवडतं. ऑगस्टमध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठेकाठचा रस्ता पाण्याखाली का जातो, तेही त्यांना मग आपोआप कळतं.

आता दात घासण्याचं. रागावू नका, बादली ठेवा. नेहमीसारखा नळ सोडून दात घास म्हणावं, फक्त नळाखाली बादली असू दे. नंतर लिटरच्या मापानं त्यालाच मोजायला सांगा. माझ्या एका गटातल्या मुलानं दोन मिनिटांचे 11 लिटर मोजले होते. तेच पाणी त्यानं गॅलरीतल्या कुंड्यांना घातलं, तर ते तीन दिवस पुरलं. तुमच्या नळाचा आकडा वेगळा येईल, तो त्याचा स्वतःचा आकडा असेल आणि म्हणूनच त्याच्या लक्षात राहील. दुसऱ्या दिवसापासून बेसिनवर एक स्टीलचा पेला ठेवा. पेल्यानं चूळ भरली म्हणून शाबासकी देऊ नका. जेवल्यावर हात धुतले म्हणून आपण शाबासकी देतो का? घरात आरओचं यंत्र असेल तर त्याच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याची नळी दिवसभर बादलीत सोडा. पिण्याच्या एका हंड्यामागे किती पाणी मोरीत जात होतं, हे पाहून तुम्हालाही धक्का बसेल. ते पाणी फरशी पुसायला चालतं.

विजेचं थोडक्यात सांगते. मुलाला मीटर वाचायला शिकवा. दोन किलोवॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट. 75 वॉटचा पंखा त्याच एका युनिटमध्ये तेरा तासांहून जास्त चालतो. एवढा हिशेब तिसरीतल्या मुलाला समजतो. वीज बटणातून येत नाही, कोयनेच्या पाण्यातून आणि चंद्रपूरला जळणाऱ्या कोळशातून येते, हे नकाशावर बोट ठेवून दाखवा.

कचऱ्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या अनुभवात मुलाचं वागणं सगळ्यात जास्त इथेच बदलतं. एका रविवारी जुनं वर्तमानपत्र पसरा आणि आठवड्याचा सुका कचरा त्यावर ओता. चौघांनी खाली बसायचं. दुधाच्या पिशव्या एकीकडे, बिस्किटांची चकचकीत वेष्टनं एकीकडे, पुठ्ठे एकीकडे. मी सावध करते, तुमच्या घरातला सगळ्यात मोठा ढीग बहुधा मुलांचा नसेल. तो ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंच्या खोक्यांचा, फुगेवाल्या प्लास्टिकचा आणि हॉटेलातून आलेल्या काळ्या डब्यांचा असेल. मुलगा तुमच्याकडे बघेल. अशा वेळी ‘आम्हाला वेळ नसतो’ म्हणून विषय बदलू नका. ‘हो, हे आमचं आहे. यातलं काय कमी करता येईल?’ असं त्यालाच विचारा. आईबाबा स्वतःची चूक मोजतात, हे एकदा दिसलं की मुलं स्वतःची लपवत नाहीत.

मग कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंची ओळख. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना 1993 मध्ये उभी राहिली आणि तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली. तुमच्याकडे येणाऱ्या ताई तिच्या सभासद असतील किंवा नसतील. त्यांचं नाव मुलाला माहीत असलं पाहिजे. रोज सकाळी डबा घेऊन दारात उभं राहायचं काम त्याचं. आपण मिसळून टाकलेलं खरकटं, फुटकी काच, वापरलेलं पॅड या ताई हातांनी वेगळं करतात, हे त्यानं एकदा उभं राहून पाहू द्या. पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका का काढायचा, हे आठ वर्षांच्या मुलाला सरळ सांगता येतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. दुधाची पिशवी विसळून का ठेवायची? पृथ्वीसाठी वगैरे नाही. ती उद्या कुणाच्या तरी पोत्यात बसणार आहे आणि तिला वास येऊ नये म्हणून. ‘पर्यावरण’ या शब्दानं जे साधत नाही ते ‘मावशींच्या हाताला लागेल’ या वाक्यानं साधतं, हे मी शेकडो घरांत पाहिलं आहे.

थोडं मोठं झाल्यावर त्याला उरुळी देवाची आणि फुरसुंगीची गोष्ट सांगा. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं तिथे जाऊन पडला, त्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्यानं विहिरी नासल्या, वैतागून गावकऱ्यांनी अनेकदा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. आपण ‘टाकून दिलं’ म्हणतो तेव्हा ते कुणाच्या तरी दारात जाऊन पडलेलं असतं.

ओल्या कचऱ्याचं खत घरीच करा आणि ते मुलाचं काम करा. चौघा-पाचजणांच्या घरात रोज अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. वीस-पंचवीस लिटरच्या दोन जुन्या बादल्या घ्या आणि बाजूला, तळाला भोकं पाडा. तळाशी सुका पाला किंवा नारळाच्या शेंड्या घाला. वर रोजची सालं, देठं, चहाचा चोथा आणि त्याच्या वर ओल्याइतकाच, खरं तर थोडा जास्तच, सुका पाला. पहिल्या दिवशी कुणाकडून तरी तयार खत मूठभर आणून घाला, ते विरजण. दह्याला विरजण लागतं हे मुलांना माहीत असतं, त्यामुळे डब्यात काय चाललं आहे ते वेगळं समजवावं लागत नाही. दर दोन-तीन दिवसांनी ढवळायचं. भरलेली बादली आठवड्यात खाली बसते. मधोमध हात धरला तर ऊब लागते आणि ती पहिली ऊब लागते तेव्हा मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. दोन-तीन महिन्यांत पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास येणारं काळं खत मिळतं.

वास सुटला तर समजा की पाणी जास्त झालं आणि हवा कमी पडली. पाला घाला, ढवळा. मिश्रण फार कोरडं झालं तर थोडं ताक शिंपडा. पांढऱ्या गुबगुबीत अळ्या दिसल्या तर बादली फेकून देऊ नका. बहुतेक वेळा त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात, चावत नाहीत आणि कचरा झपाट्यानं खातात. बहुतेक घरांतलं खत या टप्प्यावर बंद पडतं, आणि ते मुलांमुळे नाही. मोठी माणसं ‘शी’ म्हणतात, मुलं भिंग आणतात. तेवढा एक आठवडा तुम्ही ‘शी’ म्हणू नका, एवढीच माझी विनंती आहे. करवंट्या आणि आंब्याच्या कोयी मात्र बादलीत टाकू नका, त्या लवकर कुजत नाहीत. सोसायटीत वाळका पाला जाळत असतील तर दोन पोती पाला मागून घ्या. जाळणं थांबेल आणि तुमची वर्षाची सोय होईल.

आजीबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मला वाईट वाटलं. मुलाला आपण घरातला पोलीस केलं की असंच होतं. त्याला शाळेतून शब्द मिळाले आणि ते त्यानं घरातल्या सगळ्यात कमी वापरणाऱ्या माणसावर उगारले. उलट करून बघा. एक दिवस त्याला वही घेऊन आजीबरोबर राहू द्या. आजी दिवसभरात काय टाकते आणि काय टाकत नाही, एवढंच लिहायचं. दोडक्याच्या शिरांची चटणी होते. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात जातात. रात्रीच्या पोळ्या सकाळी फोडणीच्या होतात. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला जातं. जुन्या सुती साडीची गोधडी होते, गोधडी विरली की तिचं पायपुसणं होतं. बोहारणीला कपडे देऊन घेतलेलं पातेलं अजून वापरात असतं. संध्याकाळी ती यादी सगळ्यांसमोर वाचायला सांगा. त्यानंतर नातवाची माफी आजीला मागून घ्यावी लागत नाही. सासूबाई मूळ पुण्याच्या असतील तर 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा त्यांच्या घरात काय झालं होतं, तेही विचारू द्या. धरणाची गोष्ट आजीकडून ऐकली की ते धरण आपल्या घरातलं होतं.

पण याच ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट सांगते. आजीची ही काटकसर फुकट झालेली नाही, ती बाईच्या कष्टांवर झाली आहे. गोधडी कुणी शिवली, राखेनं भांडी कुणी घासली, शिरा कुणी सोलल्या? आजही मी ज्या घरांत जाते तिथे पर्यावरणाचं पहिलं वारं आलं की आईचं काम वाढतं. कापडी पिशव्या धुणार आई, खत ढवळणार आई, डब्यात प्लास्टिक नको म्हणून पहाटे उठून खाऊ करणार आई. सहा महिन्यांत आई थकते आणि सगळं बंद पडतं. म्हणून कामं वाटून घ्या आणि कागदावर लिहा. खताची बादली मुलाची. भाजीला जाताना पिशव्या आणि डबे घेणं, दुरुस्तीच्या वस्तू दुकानात नेऊन आणणं हे बाबांचं. चार वर्षांची मुलगी मटार सोलेल, कोथिंबीर निवडेल, कुंडीला तांब्यानं पाणी घालेल. तिचं पाणी सांडेल, सांडू द्या. मुलगा विसरला म्हणून तुम्ही गुपचूप बादली ढवळून टाकू नका. वास सुटला की त्याला कळेल. मुलगा आहे म्हणून त्याला ही कामं नकोत असं घरात कुणी म्हणालं तर त्या दिवशी ठाम राहा. या कामातून निसर्गाइतकाच घराचाही विचार तो शिकणार आहे.

आता कासवाचा व्हिडिओ. तुमच्या हेतूबद्दल मला जराही शंका नाही, कारण हीच चूक माझ्या हातून फार मोठ्या प्रमाणावर झाली आहे. पंधरा वर्षांपूर्वी एका शाळेत मी चौथीच्या मुलांना वितळणारा बर्फ, मेलेली जनावरं, कोरड्या विहिरी अशी चित्रं लागोपाठ दाखवली. मुलं गप्प झाली आणि मला वाटलं, परिणाम झाला. शेवटी एका मुलीनं विचारलं, ‘मी मोठी होईपर्यंत काही उरेल का?’ मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या आठवड्यात तिची आई भेटली. मुलगी रात्री दिवा बंद करू देत नव्हती. त्या दिवसापासून दहा वर्षांखालच्या मुलांना मी विनाशाची चित्रं दाखवलेली नाहीत. ज्याबद्दल काहीच करता येत नाही असं दुःख लहान मुलाच्या हातात दिलं की ते एक तर घाबरतं, नाही तर पाठ फिरवतं. तुमच्या मुलानं रात्री एक केलं आणि सकाळी दुसरं.

तो परत विचारेल. खोटं सांगू नका. ‘हो, असं झालं आणि ते वाईट आहे. पण कासवांसाठी काम करणारी माणसंही आहेत, आपल्याजवळच आहेत,’ असं सांगा आणि होळीच्या सुमारास त्याला कोकणात वेळासला घेऊन जा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं 2002 पासून गावकऱ्यांच्या बरोबरीनं ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पूर्वी ही अंडी चोरीला जात. आता पहाटे पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला माणसं येतात आणि गावातल्या घरांत राहतात-जेवतात. तळहाताहून लहान पिल्लू वाळूवरून लाटेकडे जाताना त्यानं पाहिलं, की कासव म्हटल्यावर त्याला आधी ते पिल्लू आठवेल. निघण्याआधी गावात चौकशी करा, कारण पिल्लं आपल्या सुट्टीप्रमाणे बाहेर येत नाहीत.

तेवढं लांब जमलं नाही तर गॅलरीत कढीपत्त्याची एक कुंडी ठेवा. मी जितकी साधनं वापरली त्यात याहून स्वस्त आणि चांगलं मला काही सापडलेलं नाही. फवारणी करू नका. पावसाळ्यात कधी तरी एखादं काळं फुलपाखरू येऊन कोवळ्या पानावर मोहरीएवढं अंडं घालून जाईल. त्यातून निघणारी अळी आधी अगदी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणजे पक्षी तिला खात नाहीत. मोठी होते तशी ती पानासारखी हिरवी होते. काडीनं हलकेच डिवचलं तर डोक्यातून तांबडी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मग एक दिवस दिसेनाशी होते, शोधल्यावर काडीला दोऱ्यानं बांधलेला कोश सापडतो आणि साधारण दोन आठवड्यांत एका सकाळी तिथे ओले पंख वाळवणारं फुलपाखरू असतं. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू राणी पाकोळी (ब्लू मॉर्मन), 2015 साली जाहीर झालेलं, हेसुद्धा याच कुळातल्या झाडांवर वाढतं.

या काळात झाडाची निम्मी पानं जातील आणि आमटीला कढीपत्ता मिळणार नाही. इथे घरात खरा प्रश्न उभा राहतो, पानं कुणाची? माझ्या ओळखीच्या एका घरात दोन भावंडांनी ठरवलं की वरच्या फांद्या अळीच्या आणि खालच्या आईच्या. अळीनं अर्थातच ते पाळलं नाही. मग मुलांनी दुसरी कुंडी मागितली. वाटून घेणं म्हणजे काय, हे मला कुठल्याही तासात याहून नीट शिकवता आलं नसतं.

सणांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मुलं सणांत सगळ्यात जास्त शिकतात म्हणून सांगते. गणपती शाडूचा आणून भागत नाही. शाडूही कुठून तरी खणूनच आणलेली असते. घरी बादलीत विसर्जन करा, माती चार दिवसांत खाली बसते. ती वाळवून पुढच्या वर्षी मुलांनी स्वतः मूर्ती करावी किंवा पुण्यात ‘पुनरावर्तन’ मोहिमेत ती गोळा करून परत मूर्तिकारांकडे पाठवतात, तिथे द्यावी. मूर्ती प्लास्टरची आलीच असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं सुचवलेला अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय आहे. त्या द्रावणात प्लास्टर विरघळतं, खाली खडूसारखा गाळ बसतो आणि वरचं पाणी खत म्हणून झाडांना चालतं. मूर्ती पाण्यात सोडल्यावर तिचं पुढे काय होतं, हे मुलानं रोज झाकण उघडून पाहिलं पाहिजे. दसऱ्याला आपट्याच्या फांद्या ओरबाडून बाजारात येतात आणि त्यात बरीचशी पानं कांचनाची असतात. आपट्याचं झाड शोधून दाखवा आणि पानं तिथेच राहू द्या. आणि दिवाळीत किल्ला करू द्या. तयार प्लास्टरचा विकत आणू नका. चिखल, दगड, पोतं आणि वर आपल्याच बादलीतलं खत पसरून पेरलेले हळीव. नखांत माती गेलेली मुलं मला फार आश्वासक वाटतात.

खरेदीबद्दल एकच. पर्यावरणपूरक म्हणून बांबूचे ब्रश, नव्या काचेच्या बरण्या, नव्या पिशव्या यांची यादी करू नका. घरात आहेत ते प्लास्टिकचे डबे फुटेपर्यंत वापरा, फक्त त्यात गरम पदार्थ घालू नका. जूनमध्ये जुनंच दप्तर धुऊन, चेन बदलून वापरायचं असेल तर दुरुस्तीला मुलाला बरोबर न्या. चेन कशी बसते ते त्याला बघू द्या.

एवढं करूनही घराच्या आत सगळं सुटत नाही. नदीत सांडपाणी कोण सोडतं, टेकडी कोण फोडतं, हे प्रश्न पेल्यानं चूळ भरून मिटत नाहीत, आणि मुलाला ते मिटतील असं भासवू नका. त्यानं तुम्हाला नागरिक म्हणूनही पाहिलं पाहिजे. शहरातलं झाड तोडायचं तर 1975 च्या कायद्याप्रमाणे झाडावर नोटीस लावावी लागते आणि कुणालाही लेखी हरकत घेता येते. अशी नोटीस दिसली तर थांबून त्याला वाचायला सांगा, घरी येऊन हरकतीचं पत्र त्याच्यासमोर लिहा. 2023 मध्ये पुण्यातली वेताळ टेकडी वाचवण्यासाठी हजारो पुणेकर रस्त्यावर चालले, तेव्हा आईबाबांचा हात धरून आलेली मुलं मी पाहिली. त्यांतली काही अजून दर रविवारी टेकडीवर भेटतात, आता हात न धरता.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिले तीन महिने फक्त खताची बादली आणि बेसिनवरचा पेला. नळ तो अधूनमधून उघडा ठेवेलच. तेव्हा काही न बोलता बंद करा आणि तुमच्या कामाला लागा. मागे वळून तो बघतो आहे का, हेही तपासू नका. पहिल्या पंधरा दिवसांत बादलीला वास सुटेल, सासूबाई ती जिन्यात ठेवायला सांगतील, मुलगा कंटाळल्याचं सांगेल. सुका पाला दुप्पट करा, बादली हवेशीर कोपऱ्यात हलवा आणि ढवळायची काठी त्याच्याच हातात राहू द्या.